फ्रीजरमधली येळवस

मी घर सोडलं त्या दुपारी आईच्या आणि माझ्या मध्ये तुरीच्या शेंगांचा ढीग होता. युसूफ वडगावच्या आमच्या घरात, ओसरीच्या भिंतीला पाठ लावून, आम्ही दोघी सकाळपासून शेंगा सोलत होतो. येळवस तोंडावर आली होती. पुण्याहून मी सणासाठी रजा काढून आले होते. सण पार पडला की आप्पांना सांगायचं ठरवलं होतं की मी रमेशशी लग्न केलं आहे, कचेरीत जाऊन, कुणाला न विचारता. सण बिघडायला नको एवढीच माझी अक्कल. पण रमेशच्या चुलत्याला धीर धरवला नाही. त्यानं वडवणीच्या बाजारात पेढे वाटले, आणि त्यातला एक पेढा फिरत फिरत आमच्या किराणा दुकानात येऊन आप्पांच्याच हातावर पडला.

आप्पा दुकान उघडं टाकून घरी आले. मला वाटलं, आता ओरडतील. आमचं घर शंकराचं, गळ्यात लिंग, उंबऱ्याच्या आत कधी अंडंसुद्धा आलं नाही. रमेशचं घर शेतकऱ्याचं आणि तिथं रविवार मटणाशिवाय जात नाही. ओरडायला एवढं कारण भरपूर होतं. शिवाय ओरडणं हा आप्पांचा स्वभावच होता. चहा पांचट, भाकरी कच्ची, वरण पाणचट, आणि सगळ्यात आवडता विषय मीठ. "उजे, डोळं झाकून मीठ टाकतीस का?" हे वाक्य मी लहानपणापासून जेवणासोबत खात आले. उज्ज्वला हे नाव त्यांनीच ठेवलं, पण ते शाळेच्या दाखल्यावरच राहिलं.

दुसऱ्याच्या घरी मात्र हाच माणूस चकार शब्द काढत नसे. एकदा केजला सोयऱ्यांकडे आमटी इतकी खारट झाली होती की आम्हा पोरांच्या डोळ्यांत पाणी आलं. आप्पांनी ती वाटी तोंडाला लावून संपवली, "झ्याक झालीया" म्हणाले आणि आणखी मागून घेतली. घरी आल्यावर तांब्याभर पाणी प्यायले. मी विचारलं तर म्हणाले, "पाव्हणं म्हणून बसलो की ताटाला नावं ठिवायची न्हाईत. नावं ठिवायची ती आपल्या घरात."

त्या दुपारी ते ओरडले नाहीत. ढिगाकडे बघून आईला म्हणाले, "हिनं सोललेलं येगळं काढ. देवाच्या भज्जीत जाऊ देऊ नगंस."

"एकाच सुपात सोललंय," आई म्हणाली. "आता कसं येगळं करू?"

"मंग समदंच म्हशीला घाल."

आई उठली. सूप उचललं, गोठ्यात गेली आणि सकाळपासूनची आमची दोघींची मेहनत म्हशीच्या पुढ्यात ओतून आली. परत येऊन तिनं नव्या शेंगा घेतल्या आणि पहिल्यापासून सोलायला बसली. माझ्याकडे बघितलं नाही. आप्पा मला म्हणाले, "केजची गाडी साडेचारला हाय. जेवून निघा." आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याशी अदबीनं बोलले. मी जेवले नाही. बॅग उचलली आणि फाट्यावर जाऊन उभी राहिले. माझा धाकटा भाऊ शिवा तेव्हा अंबाजोगाईला होस्टेलवर होता, त्यामुळे गाडीत बसवायला कुणीच आलं नाही.

ज्यांना येळवस माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तुमच्या पंचांगात तिला वेळ अमावास्या म्हणतात. थंडी भरात असते, ज्वारी छातीला लागलेली असते, हरभऱ्याला घाटे धरलेले असतात. त्या दिवशी गावात कुत्रंही सापडत नाही, सगळा गाव शेतात. कडब्याच्या पेंढ्या उभ्या करून छोटी कोप करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पाच पांडव. त्यांची पूजा करून पिकात आंबील शिंपडत फिरायचं आणि "ओलगे, ओलगे" म्हणून ओरडायचं. मग जेवण. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, तिळाच्या पोळ्या, ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली मडक्यातली गार आंबील, आणि सगळ्यांची राणी भज्जी. ही भज्जी म्हणजे तळलेली भजी नव्हेत. तूर, वाटाणा, वाल, घेवडा, सोलाणे, भुईमूग, गाजर, बोरं, मेथी, कांद्याची पात, त्या दिवसांत शिवारात जे हिरवं दिसेल ते सगळं चिंचेच्या पाण्यात आणि बेसनात शिजवायचं. ऐकायला गोड वाटतं. करणाऱ्या बायकांना विचारा. आधीचे कितीतरी दिवस निवडणं, सोलणं, दळणं, आणि सणाच्या पहाटे अंधारात उठून चुलीपुढं बसणं. पुरुष सणाचं कौतुक करतात, कारण त्यांच्या वाट्याला फक्त "ओलगे" येतं.

आणि या सणाची सगळ्यात मोठी रीत म्हणजे कुणालाही उपाशी जाऊ द्यायचं नाही. पाणंदीनं जाणारा अनोळखी माणूस असो, फिरता विक्रेता असो, मोटरसायकल बंद पडलेला कुणी असो, त्याला हाक मारायची. "ओ पाव्हणं, जेवल्याबिगर जाऊ नका!" ही हाक मारण्यात आप्पांचा हात कुणी धरला नसता. लांबचा, परका माणूस दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. आमच्या शेतात एकेका वर्षी घरच्यांपेक्षा परकेच जास्त जेवून जायचे.

पुण्यात आम्ही काही वर्षं काढली. मग रमेशला कंपनीनं अमेरिकेत ओहायोला पाठवलं. विमानतळावर त्याच्या घरचे पंधरा-वीस जण आले होते, नारळ, हळदकुंकू, रडारड. माझ्याकडून कुणी नव्हतं. शिवा फोन करायचा, आणि तेही गुपचूप नाही. आप्पांनी त्याला कधी अडवलं नाही. अडवण्याइतकंही त्यांना माझं काही वाटत नाही, हे मला कळावं म्हणूनच बहुतेक. आई फोनवर येत नसे. शिवा म्हणायचा, "ताई, आई हितंच बसलीया. आइकतीया." मग मी मोठ्यानं बोलायचे. मुलगी झाली, तिचं नाव मुक्ता ठेवलंय, तिचे डोळे तुझ्यासारखे आहेत, असं सगळं. पलीकडून काही यायचं नाही. एकदा भांडं घासल्याचा आवाज आला.

तुम्ही जे गावातच राहिलात, तुम्हाला वाटतं की बाहेर गेलेली माणसं सुटली. आणि जे माझ्यासारखे गेलात, तुम्ही मराठी मंडळात जमून मातीच्या वासाच्या गप्पा मारता. मला मातीच्या वासाचं काही नव्हतं. मला एकच हवं होतं. त्या कोपेपुढं मांडी घालून बसावं आणि आप्पांनी माझ्या भज्जीला नावं ठेवावीत. एवढ्यासाठी मी कितीही तिकिटं काढली असती.

ओहायोत आमच्या शेजारी कॅरल राहते. एकटी बाई, सत्तरीची, तोंडानं माझ्याहून फटकळ. नोव्हेंबरातल्या सणाला आणि मग नाताळला ती टर्की करायची. हा पक्षी मेल्यावरही माणसाचा जीव घेतो. दगडासारखा गोठलेला, फ्रीजमध्ये वितळायला कित्येक दिवस घेणार, मग त्याच्या पोटात पाव, कांदा, पाला भरा, पहाटेपासून ओव्हनमध्ये ठेवा, दर थोड्या वेळानं त्याच्यावर त्याचंच पाणी ओता. एवढं करून जे ताटात येतं ते, रमेशच्या शब्दांत, म्हातारा कोंबडा पाण्यात घालून विसरल्यासारखं लागतं. कॅरल दर वर्षी म्हणायची, यापुढं नाही. आणि दर वर्षी करायची. तिची मुलं यायची, खायची, मांस कोरडं झालं म्हणायची आणि निघून जायची. मला तिच्या स्वयंपाकघरात आमचीच ओसरी दिसायची.

मग एका वर्षी तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. त्या नाताळला तिनं ग्रोसरीतून भाजलेली तयार कोंबडी आणली, खोक्यातल्या बटाट्यात गरम पाणी ओतलं, क्रॅनबेरीचा डबा फोडला आणि अर्ध्या तासात सगळ्यांना जेवायला बसवलं. मुलांची तोंडं पडली. कॅरल मला म्हणाली, "सण तोच आहे, फक्त पक्षी लहान झालाय. कुणी मेलं नाही." मी ते वाक्य मनात घोळवत घरी आले. मुक्ताला शाळेत सगळ्यांनी विचारलं होतं की तुमच्याकडं टर्की असते का. तिनं मला विचारलं, "मग आपल्याकडं काय असतं?" अमावास्या तीन दिवसांवर होती. मी म्हटलं, आपल्याकडं येळवस असते, आणि ती सोपी असते. आयुष्यातलं माझं सगळ्यात मोठं खोटं.

पण ती सोपी झाली. फ्रोझन वाटाणा, फ्रोझन तूर, फ्रोझन वाल, घेवड्याच्या जागी फ्रेंच बीन्स, मेथीचे गोठलेले चौकोनी ठोकळे. बोरं मिळाली नाहीत, तर कॅरलकडच्या उरलेल्या क्रॅनबेरी टाकल्या, आणि खरं सांगते, बोरांपेक्षा बऱ्या लागल्या. सगळं विजेच्या कुकरमध्ये घातलं, बेसन कालवलं, झाकण लावलं. आंबील म्हणजे ताकात भाजलेलं ज्वारीचं पीठ, आंबवणं वगैरे काही नाही. उंडे मायक्रोवेव्हमध्ये. पार्सलच्या खोक्याची कोप केली, बॅकयार्डातून पाच खडे आणून मुक्ताच्या पांढऱ्या रंगानं रंगवले. बाहेर गुडघाभर स्नो होता, त्यावर रमेश आणि मुक्ता "ओलगे" करत आंबील शिंपडत फिरले. कॅरलला हाक मारून जेवायला बसवलं. रमेशनं ते सगळं मोबाईलवर घेतलं आणि मी भज्जी कशी केली ते सांगतानाचा व्हिडिओ मंडळातल्या बायकांना पाठवला. "सोपी येळवस" असं नाव दिलं. बायकांनी तो पुढं ढकलला, पुढच्यांनी आणखी पुढं, आणि एका सकाळी शिवाचा फोन आला की व्हिडिओ वडगावात पोचलाय.

"आप्पांनी बघितला?" मी विचारलं.

"बघितला की. समदा बघितला."

"काय म्हणाले?"

 "म्हनले, कुनाची बाई हाय ही? बरी बोलती."

मी फोन ठेवला आणि सिंकमधली सगळी भांडी घासली. घासलेलीही पुन्हा घासली.

मुक्ता नऊ वर्षांची झाली त्या वर्षी आम्ही डिसेंबरात भारतात आलो. शिवाचंच डोकं होतं ते. म्हणाला, "ताई, येळवशीला या. त्या दिशी आप्पा वाटच्या कुत्र्यालाबी उपाशी जाऊ देत न्हाईत. तुमाला कसं जाऊ देतील?" मला ते पटलं. आदल्या रात्री पुण्यात सासरच्या फ्लॅटवर मी भज्जी केली, माझी, सोपी, फ्रीजरमधली. आणि एक गोष्ट मुद्दाम केली. तिच्यात मीठ घातलंच नाही. चिमूटभरही नाही. मला वाटलं, या माणसाला गप्प बसणं कितीही जमो, अळणी भज्जीपुढं त्याचा निभाव लागणार नाही.

रमेश गाडीत थांबला, मी आणि मुक्ता पाणंदीनं चालत गेलो. ज्वारीच्या वर कोपेचा शेंडा दिसला. चिंचेखाली सगळी बसलेली, आप्पा उभे. त्यांनी डोळ्यांवर हात धरून आमच्याकडं बघितलं.  आणि त्यांनी हाक मारली, तीच, खणखणीत, लहानपणी मी हजारदा ऐकलेली.

"ओ पाव्हणं, जेवल्याबिगर जाऊ नका!"

मला वाटलं ओळखलं नाही. जवळ गेले. त्यांनी माझ्या तोंडाकडं नीट बघितलं, हसले आणि विचारलं, "कोन्या गावच्या म्हनायच्या तुमी?"

तिथं बसलेल्या सगळ्यांना मी कोण ते माहीत होतं. चुलत्या, चुलत बहिणी, सालगड्याची बायको. तरी एकेकीनं आपल्या पानात मान घातली. मलाही माघार घेता येईना. म्हटलं, "लांबची आहे. ओहायोची."

"लई लांबनं आलात. बसा, बसा. आन् ते गाडीवाले तिकडंच का बसलेत? त्यास्नीबी हाक मारा. डायवर मानूस, उपाशी नगं."

रमेश आला, बसला आणि पोटभर जेवला. त्याला अजूनही त्या प्रसंगाचं हसू येतं. म्हणतो, सासऱ्यानं निदान ड्रायव्हर म्हणून तरी जेवू घातलं. मला हसू येत नाही.

मुक्ताला मी आधीच सांगून ठेवलं होतं. ती उठून त्यांच्याजवळ गेली आणि म्हणाली, "आजोबा." आप्पांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला, खिशातली बोरं तिच्या ओंजळीत घातली आणि इतरांकडं बघून म्हणाले, "समद्याच म्हाताऱ्यास्नी आजोबा म्हनत्यात. गुनाची हाय पोरगी." आई वाढत होती. माझ्या पानापुढं आली, वाकली. "आजून वाढू का, बाई?" तिचा हात थरथरला असं लिहायला मला आवडलं असतं. थरथरला नाही. भज्जी अगदी मधोमध पडली.

मग मी माझा डबा उघडला. म्हटलं, "पाहुण्यांकडून घ्या थोडी." आप्पांनी ताट पुढं केलं. मी वाढली. त्यांनी घास घेतला, चावला, गिळला. माझं सगळं लक्ष त्यांच्या तोंडाकडं होतं. चावताना एकदा, अगदी एकदाच, त्यांचा जबडा थांबला. त्यांना कळलं होतं. मीठ नाही हे त्यांना कळणार नाही, असं होणं शक्यच नव्हतं.

"झ्याक झालीया," आप्पा म्हणाले. "आजून वाढा, बाई."

आणि ती अळणी भज्जी त्यांनी शेवटच्या दाण्यापर्यंत खाल्ली. मला त्या दिवशी समजलं की माझा बाप किती ताकदीचा माणूस आहे आणि ही सगळी ताकद त्यानं कशासाठी राखून ठेवली आहे.

निघताना आमच्याकडं लेकीला उंड्यांची शिदोरी बांधून देतात. आईनं माझ्या चुलत बहिणींच्या शिदोऱ्या बांधल्या, एकेकीच्या हातात दिल्या. माझ्यापुढं येऊन म्हणाली, "या पुन्यांदा." हे ती सगळ्यांना म्हणते, मोटरसायकल बंद पडलेल्यांनाही. मी पाणंदीनं परत आले. गाडीत मुक्ता बोरं खात होती आणि विचारत होती की आजोबा इतके चांगले आहेत तर आपण त्यांच्याकडं राहिलो का नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी आई गेली. मला माती झाल्यावर कळलं. आमच्यात पुरतात, आईला त्याच शेतात ठेवलं, चिंचेच्या पलीकडं. शिवा फोनवर रडत होता. मी विचारलं, आधी का नाही सांगितलंस? तो सांगू लागला की आप्पांनीच नको म्हटलं. काय म्हणाले, मी विचारलं. तो सांगेना. मी पुन्हा विचारलं.

"म्हनले, लांबच्या पाव्हण्यास्नी कशाला तरास."

त्या दिवसापासून मी आप्पांचा द्वेष केला, मन लावून, नेमानं. सकाळी चहा करताना, मुक्ताला शाळेत सोडताना, बर्फ उपसताना. आईचाही केला. ती त्यांच्या शब्दाबाहेर गेली नाही म्हणून केला, आणि मेली म्हणून जास्त केला. दर वर्षी येळवस मात्र केली. कॅरल येते, ऑफिसातले दोघेतिघे येतात, मंडळातल्या बायका डबे घेऊन येतात. त्या पंगतीत माझ्या भज्जीला कधी कुणी नावं ठेवली नाहीत. सगळे म्हणतात, अमेझिंग.

आता शेत बटईनं दिलंय. आप्पांना एकट्यानं राहणं जमेना, मोतीबिंदू झाला, दोनदा ओसरीवरून पडले, म्हणून शिवानं त्यांना पुण्याला आपल्या फ्लॅटवर आणलं. शिवाची बायको रेणुका बँकेत आहे. यंदा येळवशीला शिवाला रजा नव्हती, गावी जाणं झालं नाही. आप्पा सकाळपासून बाल्कनीत तोंड फिरवून बसले. रेणुका म्हणाली, संध्याकाळी घरीच करू की, ताईंचा व्हिडिओ आहे. फ्रोझन वाटाणा तिकडंही मिळतो. वॉशिंग मशीनच्या खोक्याची कोप झाली. त्यांची संध्याकाळ म्हणजे माझी सकाळ. मीही स्वयंपाकघरातच होते, कुकरचं झाकण नुकतंच उघडलं होतं, तेवढ्यात शिवाचा व्हिडिओ कॉल आला.

आप्पा टेबलापाशी बसले होते. किती लहान झाले होते. गालफडं आत गेलेली, एका डोळ्यावर पांढरं. दोन घास आधीच पोटात गेले होते. शिवानं मोबाईल त्यांच्यापुढं धरला. "आप्पा, ताई हाय. भज्जी तिच्याच पद्धतीची हाय."

त्यांनी मान वर केली. ते काही बोलायच्या आत मी बोलले. इतकी वर्षं ते वाक्य माझ्याकडं तयार होतं.

"कोन्या गावचे म्हनायचे तुमी? पोटभर जेवा, पाव्हणं. जेवल्याबिगर उठू नका."

अगदी त्यांच्याच आवाजात जमलं. आप्पांचा हात ताटातच थांबला. शिवाच्या हातातला मोबाईल हलला. मागं रेणुकाचा चेहरा दिसला, पांढराफटक. आणि मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, लई बरं वाटलं. त्या एका क्षणात तुरीचे दाणे होते, माझ्या हाती न आलेली शिदोरी होती, चिंचेपलीकडची माती होती. आता ते "झ्याक झालीया" म्हणतील, मग मी म्हणणार होते, आजून वाढा यांना.

आप्पांनी घास चावला. बराच वेळ चावला.

"ह्यात मीठ न्हाई," ते म्हणाले.

त्यांनी ताट पुढं ढकललं.

"मीठ न्हाई ह्यात! उजे, डोळं झाकून मीठ टाकतीस का? आन् ही आंबील हाय का हात धुयाचं पानी? आंबवल्याबिगर आंबील व्हती का कधी? समद्या जगाला शिकवत बसली व्हिडिओ काढून. तुझ्या आईनं हेच शिकवलं का तुला?"

"आप्पा," रेणुका मधे पडली, "मीठ मीच कमी टाकलंय. डॉक्टरांनी तुम्हाला..."

"तू गप बस. मी तिला बोलतोय."

माझ्या हातात पळी होती. मी म्हटलं, "पाहुण्यानं ताटाला नावं ठेवू नयेत, आप्पा." म्हणायचं होतं कडक, आणि शेवटच्या शब्दाला आवाज फुटला.

"कोन पाव्हणा? कुनाला पाव्हणा म्हनतीस? थोबाड फोडीन!" आणि मग जे सुरू झालं ते थांबेना. मीठ, चिंच, मेथीचे ठोकळे, खोक्याची कोप, मी शाळेत असताना करपवलेलं दूध, एकदा हरवलेली दुकानाची किल्ली, सगळं. आईचं नाव मधूनच येत होतं आणि आलं की त्यांना ठसका लागत होता.

मी त्यांना माफ केलेलं नाही. करणारही नाही. त्यांनीही माफी मागितलेली नाही, त्या माणसाला मागता येतच नाही. पण जेवण आमच्याकडं परक्यालाही मिळतं, मानानं मिळतं, दोनदा वाढतात. माझ्या घरात मला ते मानाचं जेवण मिळालं तेव्हाच मी बेघर झाले होते. आपली काही चूक नसताना जिथं बोलणी खावी लागतात ते घर, हे मला इतक्या लांब येऊन आणि इतका राग साठवून कळलं.

शिवा हळूच म्हणाला, "ताई, ठिवू का? आता हे काय थांबत न्हाईत."

"ठेवू नको," मी म्हटलं. "फोन टेबलावर ठेव, तसाच चालू."

त्यानं ठेवला. मला त्यांच्या घरातला पंखा दिसत होता आणि आप्पांचा आवाज येत होता. मी माझं ताट वाढून घेतलं, फोनसमोर बसले आणि भज्जीचा घास घेतला. मीठ अगदी बरोबर होतं. मी त्यांना सांगितलं नाही, बोलू दिलं.